सात दिवसांची पांढरी गाडी

आमच्या ऑफिसात अकरा गाड्या, एक टेबल, एक चहाची किटली आणि तीन माणसं. मालक हिकमेत, कागदपत्रं बघणारी मी, नेर्मिन, आणि गाड्या हॉटेलांवर पोचवणारे नि परत आणणारे बेकिरदादा. सीदे या आमच्या गावच्या किनाऱ्याला अशी भाड्याच्या गाड्यांची पन्नासेक दुकानं असतील. आमचं त्यातलं लहानच.

बेकिरदादा आमच्याकडे आले ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याआधी तीस वर्षं त्यांनी मानवगातहून डोंगरातल्या गावांना जाणारी मिनीबस चालवली होती. बायको, झेलिहावहिनी, गेल्या आणि दोन महिन्यांत त्यांनी ती मिनीबस विकून टाकली. हिकमेतने विचारलं, "तुमची स्वतःची गाडी होती, आता दुसऱ्याच्या गाड्या कशाला धुताय?" तर म्हणाले, "मिनीबसमध्ये सगळे ओळखीचे चढतात रे. प्रत्येक जण विचारतो, कसे आहात. मला ते नको झालंय."

इथे ओळखीचं कोणी नव्हतं. सकाळी गाडी धुवायची, पेट्रोल भरायचं, हॉटेलच्या दारात नेऊन उभी करायची, किल्ली द्यायची, की यांचं काम संपलं. मग हमरस्त्यापर्यंत चालत यायचं आणि मिळेल त्या मिनीबसने परत. "जाताना साहेबासारखा बसून जातो, येताना दांडीला लटकून येतो," असं ते म्हणायचे. डावीकडे, उजवीकडे, हळू आणि टाकी भरून, एवढे शब्द त्यांना पाच भाषांत यायचे. कुठे फिरायला जावं असं पाहुण्यांनी विचारलं की ते नकाशावर पेनाने गोल काढून द्यायचे: धबधबा, खाडीचं तोंड, वरच्या धरणाचं हिरवं पाणी. डोंगरातला रस्ता असेल तर प्रत्येक वळण हाताने करून दाखवायचे. लोक हसायचे, त्यांच्या पाठीवर थाप मारायचे, मुलाबाळांना गाडीत कोंबायचे आणि निघून जायचे. बेकिरदादा गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे. हिकमेत म्हणायचा, "दादा, गाडी माझी आहे, काळजी मी करतो, तुम्ही या परत."

त्यांना एकच मुलगी, फेरिदे. ती शिकायला जर्मनीला गेली, तिथेच नोकरी, तिथलाच नवरा. एवढं मला माहीत होतं. बाप-लेकीचं बोलणं नाही हेही माहीत होतं, पण का, ते ठाऊक नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. जर्मनीतल्या शाळांना सुट्या लागतात, त्यामुळे तो आठवडा आमच्याकडे धावपळीचा असतो. शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी यादी वाचत होते. बेकिरदादा दारात पायरीवर बसून चहा पीत होते. चष्मा असूनही ते यादी माझ्याकडूनच वाचून घ्यायचे. बहुधा सकाळी कोणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून असेल.

"दहा वाजता, कुमकोयचं मोठं हॉटेल. पांढरी गाडी, सात दिवस, परत विमानतळावर. लहान मुलांच्या सीट दोन, एक बाळाची, एक मोठ्या मुलाची. नाव हार्टविग."

त्यांनी पेला खाली ठेवला. "काय नाव म्हणालीस?"

"हार्टविग."

"पुढचं?"

मी पाहिलं. "फेरिदे. अरेच्चा, आपल्याकडचीच दिसतेय."

ते उठले, माझ्या टेबलापाशी आले, चष्मा लावला आणि कागद स्वतःच्या हातात घेतला. त्यावर जन्मतारीख होती. बराच वेळ ते बघत राहिले.

"सीट दोन लिहिल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"हो, दोन."

"एकच असायला हवी," ते म्हणाले. "एकच नात आहे मला."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "दादा, आज हिकमेतला पाठवू या का? तुम्ही राहा इथे."

"हिकमेतला सीटचे पट्टे नीट लावता येत नाहीत," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

मी खिडकीतून पाहत होते. ती गाडी आदल्या दिवशीच धुतलेली होती. त्यांनी परत धुतली. बाळाची सीट बसवली, हाताने हलवून पाहिली, काढली, पुन्हा बसवली. मागच्या काचेला आतून कोणाच्या तरी लहान बोटांचे ठसे होते, ते पुसले. साडेनऊला आत येऊन मला म्हणाले, "नेर्मिन, तू जुनी गाडी घेऊन मागून ये. सही तू घे. मी गाडीपाशी थांबतो."

हॉटेलच्या फाटकाबाहेर त्यांनी सावलीत गाडी लावली. मी आत गेले. फेरिदे दालनात एकटीच उभी होती, छत्तीस-सदतीस वर्षांची, केस कापलेले, डोळे थेट बापाचे. तिने सह्या केल्या. मग म्हणाली, "गाडीचा व्हिडिओ काढून घेते हं. ओरखडे-बिरखडे नंतर आमच्या नावावर नकोत."

"काढा की," मी म्हटलं. मी तिला आधी सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही.

ती मोबाइल समोर धरून गाडीभोवती फिरू लागली. पुढचा दिवा, दरवाजा, चाक. मागच्या चाकापाशी बेकिरदादा उभे होते, हात बांधून, शाळेत उभं केल्यासारखे. ते आधी तिला मोबाइलमध्येच दिसले असणार. तिचा हात तसाच राहिला.

"बाबा?"

"मागचा दरवाजा जरा जोरात लावावा लागतो," बेकिरदादा म्हणाले. सहा वर्षांनी लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तिने मोबाइल खाली घेतला. "तुम्ही इथे काय करताय?"

"कामाला आहे. गाड्या पोचवतो."

"आणि मिनीबस?"

"विकली."

दोघंही गाडीकडे बघत होती. मग ती म्हणाली, "मी कळवणार होते."

"हो का."

"जायच्या आधी. शेवटच्या एक-दोन दिवसांत. येन्सलाही तसंच म्हटलं होतं मी."

"बरं केलंस."

"बरं काय केलं, कळवलं कुठे मी!" ती एकदम म्हणाली.

तेवढ्यात येन्स, तिचा नवरा, मुलांना घेऊन आला. उंच, उन्हाने नाक सोललेला, भला वाटणारा माणूस. त्याने बेकिरदादांशी नुसता हात मिळवला, गाडीवाल्याशी मिळवतात तसा. फेरिदे त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. त्याचा चेहरा बदलला आणि त्याने परत हात पुढे केला, या वेळी दोन्ही हात. सहा वर्षांची मुलगी आईच्या मागून बघत होती. तिने जर्मनमध्ये विचारलं, "हा माणूस कोण आहे?"

फेरिदेने क्षणभर थांबून उत्तर दिलं, "आपली गाडी घेऊन आलेत ते."

मला जर्मन येतं. रोजचा धंदाच तो. बेकिरदादांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली ती?"

"गाडी छान आहे म्हणाली," मी सांगितलं.

त्यांनी खाली बसून मुलीला पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. दोन वर्षांचा मुलगा बापाच्या खांद्यावर होता. त्याच्याकडे ते बघत होते, पण हात लावला नाही. नाव विचारलं. "एमिल," फेरिदे म्हणाली. "एमिल," ते म्हणाले, नवा शब्द म्हणून बघावा तसं.

गाडी निघताना तिने काच खाली केली. "गुरुवारी येऊ का? जेवायला?"

"या की. घर तेच आहे."

गाडी वळली. बेकिरदादांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि तिच्यामागे रस्त्यावर पाणी ओतलं, प्रवासाला निघालेल्या माणसामागे ओततात तसं. कुमकोयहून धबधब्यापर्यंतच जायचं होतं त्यांना. अर्ध्या तासाचा रस्ता.

परत येताना गाडी मी चालवत होते. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "दादा, झालं काय होतं तुमच्यात?"

"मी तिला उशिरा कळवलं," ते म्हणाले. "आई गेल्याचं नाही, ते लगेच कळवलं. आई आजारी असल्याचं."

झेलिहावहिनींना पोटाचा कर्करोग झाला होता. कळलं तेव्हापासून चार महिने. फेरिदे तेव्हा पोटुशी होती. तिला यांनी सांगितलं, आईला पित्ताचे खडे झालेत, छोटं ऑपरेशन आहे. रोज संध्याकाळी मोबाइलवर बोलणं व्हायचं, तेव्हा वहिनी डोक्याला रेशमी रुमाल बांधायच्या, गालांना लाली लावायच्या. मोबाइल बेकिरदादा धरायचे, जरा वरून, म्हणजे गळ्याची हाडं दिसू नयेत. शेवटी शेवटी वहिनींना बोलवेना, तेव्हा यांनी सांगितलं, आई शेजारी गेलीय, आई झोपलीय, आई बाजारात गेलीय. मग एके सकाळी फोन केला आणि खरं ते सांगितलं. तेव्हा तिला आठवा सरत आला होता, विमानात बसू दिलं नसतं. आमच्याकडे माती द्यायला थांबत नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं.

"ती म्हणाली, चार महिने तुम्ही रोज माझ्या तोंडावर खोटं बोललात. मला निरोप घेऊ दिला नाहीत. बरोबरच होतं तिचं." ते बाहेर बघत होते. "आठवड्याने मी फोन केला, तिने उचलला नाही. मग बाळ झाल्यावर केला, तिने उचलला आणि ठेवला. मग मीही केला नाही. मेहुणीकडे नातीचे फोटो यायचे, ते ती मला दाखवायची. तीन वर्षांपूर्वी मेहुणी गेली. त्यानंतरचं मला काही माहीत नाही. आज कळलं, एमिल आहे."

रविवारी त्यांची सुट्टी. पण सोमवारी आले ते बोटांना फोड आलेले. मी विचारलं तर म्हणाले, सारीकावाकला गेलो होतो. सारीकावाक हे झेलिहावहिनींचं माहेर, वर डोंगरात. वहिनींना तिथेच पुरलंय. कबरीवरचं गवत काढलं, माती सारखी केली, झेंडूची रोपं लावली, नळ बिघडलेला होता तो दुरुस्त केला, असं त्यांनी सांगितलं.

"मुद्दाम का हो?"

"पावसाच्या आधी करावं लागतं," ते म्हणाले.

आता एक सांगायला हवं. आमच्या गाड्यांना हिकमेतने एक यंत्र बसवलंय. एकदा कोणीतरी गाडी वाळूत घालून तशीच सोडून गेलं होतं, तेव्हापासून. गाडी कुठे आहे ते माझ्या पडद्यावर दिसतं, एक निळा ठिपका. एरवी मी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्या आठवड्यात मी दिवसभर बघत होते. धबधबा. जुन्या नाट्यगृहाजवळचा वाहनतळ. पाण्याच्या घसरगुंड्या. खाडीच्या तोंडाशी एक अख्खी दुपार. सगळ्यांसारखंच.

हिकमेत म्हणाला, "दादा, या, बघा की. तुमचीच माणसं फिरताहेत."

"नको. कोणाच्या मागे असं बघू नये," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

बुधवारी सकाळी तो ठिपका किनाऱ्याकडे वळलाच नाही. मानवगात ओलांडलं आणि वर डोंगराला लागला. मी कागदपत्रं बाजूला ठेवली. त्या रस्त्याला पाहुणे जातात, धरणापर्यंत. ठिपका धरणाच्याही पुढे गेला. वळणावर वळणं घेत, हळूहळू. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो सारीकावाकच्या वरच्या अंगाला थांबला. तिथे दुसरं काहीच नाही. दगडी कुंपण आणि कबरी.

तो एक तास दहा मिनिटं तिथे होता.

बेकिरदादा जेवायला आले, तेव्हा मी सांगायचं नाही ठरवलं होतं, पण माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"कुठे गेलीय?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच.

"सारीकावाकला. सकाळी. तासभर होती."

ते बसले. डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. बाहेर गेले आणि धुतलेली लाल गाडी धुवायला लागले. हिकमेत काही बोलणार होता, मी त्याला खूण केली.

मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते पाण्याची नळी हातात धरून नुसते उभे होते, पाणी जमिनीवर वाहत होतं. म्हणाले, "झेलिहाने माझ्याकडून शब्द घेतला होता, नेर्मिन. फेरिदेची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. झेलिहा म्हणाली, माझं दुखणं तिच्या कानावर गेलं आणि हेही गेलं, तर मी कबरीतही पडू शकणार नाही. शप्पथ घ्यायला लावली. मी म्हटलं, पोरगी आपल्याला कधी माफ करणार नाही. तर म्हणाली, तुला नाही करणार. मला करेल, मी मेलेली असेन." आणि ते थोडं हसले. "थट्टा करायची ती, असल्या वेळीसुद्धा."

मला राहवेना. "दादा, मग सांगा ना तिला हे! सहा वर्षं तुम्ही फुकटचा राग खाताय!"

"मग ती कोणावर रागावेल?"

मी चहाचा पेला गाडीच्या टपावर ठेवला.

"ती आज वर जाऊन तासभर आईजवळ बसली. मी सांगितलं असतं तर बसली असती का, मला माहीत नाही. तिला एक तरी माणूस असू दे, ज्याच्यावर तिचा राग नाही." त्यांनी नळी बंद केली. "आणि तूही सांगायचं नाहीस. शप्पथ आहे तुला."

"मला शपथा घालू नका हं!"

"घातली."

गुरुवारी त्यांनी रजा घेतली. सहा वर्षांतली पहिली. आदल्या दिवशी मला विचारून गेले होते, लहान मुलं काय खातात. मी म्हटलं, काहीही, तिखट नको. ते म्हणाले कोफ्ते करणार आहे आणि फेरिदेला आवडायचा तो तिळाच्या वाटणातला पांढरा घेवडा. घेवडा बुधवारीच भिजत घातला होता.

त्या दिवशी ठिपका हॉटेलपासून हलला नाही. दहा, अकरा, बारा. एक वाजला. मी स्वतःला समजावलं, चालत जातील, टॅक्सीने जातील. पण हातात गाडी असताना कोण टॅक्सी करतं? दोन वाजले. मानवगातच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पाच ताटं मांडलेली असणार, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. बेकिरदादांना फोन करावा तर काय बोलावं? साडेतीनला मी बुकिंगच्या कागदावरचा नंबर काढला आणि फेरिदेला फोन लावला.

"ऑफिसातून नेर्मिन बोलतेय. सगळं ठीक आहे ना? गाडी वगैरे?"

"हो. का?"

"नाही, आज हलली नाही गाडी, म्हणून म्हटलं बंद-बिंद पडली की काय."

"तुम्ही बघता गाडी कुठे जाते ते?"

माझे कान तापले. "यंत्र आहे. सगळ्याच गाड्यांना."

"त्यांनी बघायला सांगितलं?"

"नाही. त्यांनी बघू नको सांगितलं."

पलीकडे मूल रडत होतं. तिने त्याला काहीतरी म्हटलं. मग मला म्हणाली, "एमिलचं अंग गरम होतं सकाळी. आता बरं आहे. तसं फार नव्हतंच." आणि जरा थांबून, "तुम्ही त्यांना ओळखता का? म्हणजे, कामापलीकडे?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. रेशमी रुमाल, शपथ, सगळं. मी म्हटलं, "रोज डबा एकत्र खातो आम्ही. ते घरी वाट बघताहेत, एवढं मला माहीत आहे."

तिने फोन ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी ठिपका हलला. मी हिकमेतला हाक मारली, दोघंही पडद्यासमोर उभे राहिलो. कुमकोयचा रस्ता, हमरस्ता, पूल, मानवगात. बाजार ओलांडून शाळेची गल्ली. बेकिरदादांच्या घराच्या कोपऱ्यावर, फळवाल्याच्या दुकानापाशी, ठिपका थांबला. हिकमेतने माझ्या खांद्यावर हात मारला, "आली बघ पोरगी!" आणि चहा टाकायला गेला. तो किटली घेऊन परत आला, तेव्हा ठिपका पुन्हा हमरस्त्याला लागला होता. बारा मिनिटं. बारा मिनिटांत कोणी दोन जिने चढून, जेवून, मुलांना घेऊन परत येत नाही.

हिकमेत म्हणाला, "आता हे दादांना सांगू नकोस."

मी कोणाकोणाचं काय काय सांगायचं नाही, याचा हिशेब मला लागेना.

शुक्रवारी बेकिरदादा वेळेवर आले. दोन मोठे डबे घेऊन. "मुलाला ताप आला असेल," ते म्हणाले. "ऑक्टोबरात हवा बदलते. खा, पुष्कळ आहे." आम्ही तिघांनी थंड कोफ्ते खाल्ले. घेवडा फार छान झाला होता. हिकमेतने दोनदा घेतला. एरवी काहीतरी टोमणा मारल्याशिवाय तो जेवत नाही, त्या दिवशी गप्प होता.

शनिवारी गाडी विमानतळावर परत घ्यायची होती. हिकमेत म्हणाला, मी जातो. बेकिरदादा म्हणाले, "यादीत माझं नाव आहे." अंताल्याची बस पकडून गेले.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं, तेही एकदम नाही. तुकड्यातुकड्याने, दोन-तीन आठवड्यांत.

ते तासभर आधी पोचले होते. पांढरी गाडी आली. येन्सने सामान काढलं, मुलीला घेऊन ढकलगाडी आणायला गेला. एमिल सीटवर झोपला होता. फेरिदेने त्याचा पट्टा सोडवला, पण खांद्याला दोन पिशव्या, हातात कागद, तेव्हा तिने मूल उचललं आणि काही न बोलता बापाच्या हातात दिलं. त्यांनी धरलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चार मिनिटं. मुलाचं डोकं त्यांच्या खांद्यावर, तोंड उघडं, शर्टावर लाळ.

फेरिदे गाडीतल्या वस्तू गोळा करत होती, त्यांच्याकडे न बघता. आत वाकलेली असतानाच म्हणाली, "गुरुवारी मी आले होते. कोपऱ्यापर्यंत."

"हो?"

"तुम्ही गॅलरीत बसला होतात. तो कोट घालून. आईच्या हातची बटणं लावलेला. मला जिना चढवेना."

बेकिरदादा म्हणाले, "दुसरा मजला आहे. मलाही दम लागतो."

तेव्हा ती बाहेर आली. हसत नव्हती, रडतही नव्हती. "कबरीवर झेंडू तुम्ही लावलेत?"

"हो."

"कधी?"

"मागच्याच रविवारी."

"मी येईन म्हणून?"

त्यांनी एमिलचं डोकं खांद्यावर नीट घेतलं. ती म्हणाली, "बाबा, मी अजून विसरलेले नाही. विसरेन असंही वाटत नाही."

"नको विसरूस," ते म्हणाले.

मग येन्स ढकलगाडी घेऊन आला आणि मूल परत द्यावं लागलं. मुलगी त्यांच्याकडे बघून हात हलवत होती. ते म्हणाले, तिला सांगितलेलं दिसत होतं मी कोण ते, किंवा नसेलही. मुलं कोणालाही हात करतात.

परत ते एकटेच आले, साठ-पासष्ट किलोमीटर. चार वाजता तीच गाडी दुसऱ्या कोणाला द्यायची होती. त्यांनी सीट काढल्या, वाळू झाडली, सांडलेल्या दुधाचा डाग घासला. मी म्हटलं, मी करते. त्यांनी करू दिलं नाही. सव्वाचारला नवे पाहुणे आले, चार कॉलेजच्या पोरी, मोठ्याने गाणं लावून गेल्या. बेकिरदादा नेहमीसारखे रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

कोपऱ्यावरचं मी सांगितलं नाही ते बरं झालं, तिने स्वतःच सांगितलं. सोमवारी बेकिरदादांनी मला सगळ्यात आधी तेच सांगितलं, अगदी मोठी बातमी असल्यासारखं. "आली होती, नेर्मिन. कोपऱ्यापर्यंत आली होती." मी म्हटलं, "अय्या, हो?"

आता फेरिदे महिन्यातून एकदा फोन करते, पहिल्या रविवारी. या ऑक्टोबरात ती आणि येन्स आले नाहीत. स्पेनला गेले, मुलांसाठी तिकडचं हॉटेल स्वस्त पडलं म्हणे. बेकिरदादांनी स्पेन कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर बघून घेतलं. शपथ मी पाळली आहे. फेरिदेचा नंबर माझ्याकडे आहे, आणि एक-दोनदा, खरं सांगते, मी तो उघडून बसले होते. मग मला तो तास दहा मिनिटांचा ठिपका आठवतो आणि मी मोबाइल बाजूला ठेवते. बरोबर करते का चूक, मला कळत नाही.

हिवाळ्यात आमचं ऑफिस बंदच असतं. हॉटेलांच्या खिडक्या लाकडाने बंद केलेल्या, किनाऱ्यावर कुत्री. तरी बेकिरदादा आठवड्यातून दोनदा येतात, बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून अकराही गाड्या चालू करतात, प्रत्येकीत दहा-दहा मिनिटं बसतात. मी कधी चहा घेऊन जाते. गेल्या रविवारी गेले, तेव्हा पाऊस होता. अकरा इंजिनांचा आवाज चालला होता आणि ते मधल्या एका गाडीत काच लावून बसले होते, मोबाइल कानाला. मी बाहेरच थांबले. काचेतून तुटक ऐकू येत होतं.

"इथेही पाऊसच... हो, घालतो स्वेटर... नाही, जेवलो... त्याला दात आले का सगळे?... बरं... बरं. ठेव मग, तुला महाग पडेल."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. काच खाली करून चहा घेतला आणि म्हणाले, "बस की आत. भिजतेस कशाला?" मी शेजारच्या सीटवर बसले. समोर पावसात रिकामा रस्ता होता. चहा संपेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. मग ते उतरून पुढच्या गाडीत जाऊन बसले.